जावेची गोळी वेगळी आणि माझी वेगळी, असं का?

पत्र: मी ५८ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. आता चौदा महिने झाले लेट्रोझोलची गोळी चालू आहे, पाच वर्षं घ्या म्हणालेत. पण सकाळी बोटं मिटत नाहीत, गुडघे धरतात, भाकरी थापायला बसले तर उठता येत नाही. माझ्या जावेला, वय ४४, हाच आजार झाला, तिला टॅमॉक्सिफेन आहे आणि तिचे सांधे अजिबात दुखत नाहीत. मग मला तीच गोळी का नाही? शेजारच्या बाई म्हणतात हार्मोनच्या गोळ्यांनीच कॅन्सर होतो. नणंद म्हणते शतावरी कल्प घे, ताकद येईल. रिपोर्टमध्ये लिहिलंय ईआर ८/८, पीआर ४/८, हर-टू २+, नंतर फिश निगेटिव्ह, आणि 'स्ट्राँग न्यूक्लिअर पॉझिटिव्हिटी'. हे न्यूक्लिअर म्हणजे किरणांचं काही आहे का? मुलगी ३१ वर्षांची आहे, तिला धोका आहे का? तीन आठवडे झाले मी गोळी बंद केली आहे, घरी कोणाला सांगितलेलं नाही.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी त्या तीन आठवड्यांचं बोलू. तुम्ही ते अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं अख्खं पत्र त्या एका ओळीसाठीच आहे. तीन आठवड्यांत आभाळ कोसळलेलं नाही. पण राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून दोन-दोन घेऊ नका, आणि उद्या सकाळी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून खरं सांगा की सांधे दुखतात म्हणून बंद केली. ते रागावतील या भीतीने बायका हे लपवतात, मग डॉक्टरांना वाटतं गोळी चालू आहे आणि गोळी असते कपाटात. सांध्यांसाठी करण्यासारखं खूप आहे, ते सांगतेच, पण आधी ही गोळी तुम्हाला का दिलीय ते नीट समजून घ्या, कारण ते कोणी समजावून सांगितलेलं दिसत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुमची गाठ मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहिणारी. तुम्ही आम्हाला कधी भेटत नाही, आम्हीही तुम्हाला भेटत नाही, पण तुमच्या पुढच्या पाच-दहा वर्षांचं औषध त्या काचेवर ठरतं. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचा केसाहूनही पातळ काप काढून काचेवर घेतात आणि त्यावर असा रंग टाकतात की जिथे इस्ट्रोजेनचा, म्हणजे बायकांच्या हार्मोनचा, रिसेप्टर असेल (ते हार्मोन येऊन बसतं ती पेशीतली जागा, रिपोर्टमधला ईआर म्हणजे हाच) तिथे तपकिरी दिसेल आणि नसेल तिथे निळं. आता हा तपकिरी रंग पेशीत सगळीकडे पसरत नाही, पेशीच्या मधोमध जो गोळा असतो, केंद्रक, फक्त त्यातच चढतो. केंद्रकाला इंग्रजीत न्यूक्लिअस म्हणतात, त्यावरून न्यूक्लिअर. अणुबाँब किंवा किरणांशी याचा काडीचा संबंध नाही. तुमच्या रिपोर्टचा अर्थ इतकाच की बहुतेक पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसली. किती पेशी रंगल्या याचे पाचपैकी गुण आणि किती गडद रंगल्या याचे तीनपैकी, असे मिळून आठ. तुम्हाला आठपैकी आठ.

आणि हे आठपैकी आठ चांगले आहेत, ताई. कसे ते सांगते.

एसटी डोळ्यासमोर आणा. गाडी उभी आहे, ड्रायव्हर बसलाय, प्रवासी भरलेत, पण कंडक्टर चढून त्याने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. तुमच्या गाठीची पेशी म्हणजे ती गाडी, इस्ट्रोजेन म्हणजे कंडक्टर, आणि रिसेप्टर म्हणजे कंडक्टरची जागा, बेलच्या दोरीसकट. इस्ट्रोजेन रक्तातून येतं, पेशीत शिरतं, रिसेप्टरवर बसतं, मग ते दोघे मिळून डीएनएवर ठराविक ठिकाणी जाऊन चिकटतात आणि पेशीला हुकूम सुटतो, वाढ, दोनाच्या चार हो. असे केंद्रकात काम करणारे रिसेप्टर माणसात ४८ आहेत, मोठं कुटुंब आहे ते. थायरॉइडची गोळी त्यातल्याच एकामार्फत काम करते आणि आठवड्याला दुधातून घेतो ती व्हिटॅमिन डीची पुडीसुद्धा. म्हणजे रिसेप्टर ही कॅन्सरने आणलेली वस्तू नाही, मुळात शरीराचीच आहे, निरोगी स्तनातही असते, मुलगी वयात येताना स्तनांची वाढ होते ती याच्याच जोरावर. कॅन्सर फक्त ही दोरी नको तेवढी ओढत बसतो.

ज्या गाठीत हे रिसेप्टर नसतात ती म्हणजे आपल्याकडची विनावाहक गाडी. तिला कंडक्टर लागतच नाही, त्यामुळे कंडक्टर अडवून उपयोग शून्य, तिथे भिस्त जास्त करून केमोवर, आणि अलीकडे इम्युनोथेरपीसारख्या औषधांवर. तुमची गाडी कंडक्टरवाली आहे, म्हणून रोजच्या एका छोट्या गोळीने ती थांबवून ठेवता येते.

पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर, तोही त्याच कुटुंबातला. तो बनतो मुख्यतः इस्ट्रोजेनच्या हुकुमावरून, त्यामुळे पीआर दिसला की आम्हाला कळतं, ईआर नुसता बसून नाहीये, कामही करतोय. हर-टू हाही पेशीला वाढ सांगणारा रिसेप्टर, पण तो या कुटुंबातला नव्हे. तो पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर असतो आणि त्याचं इंजेक्शन वेगळं, ट्रास्टुझुमॅब. २+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, म्हणून फिश नावाची जनुकाची तपासणी करतात, ती निगेटिव्ह आली, म्हणजे त्या इंजेक्शनची तुम्हाला गरज नाही. विषय संपला.

आता जावेच्या गोळीकडे येते. ती ४४ ची, तुम्ही ५८ च्या, सगळा फरक इथेच आहे. तिची बीजकोषं अजून इस्ट्रोजेन बनवतात. तुमची पाळी गेली, बीजकोषांनी काम थांबवलं, पण इस्ट्रोजेन पूर्ण बंद होत नाही हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थोडे पुरुषी हार्मोन बनवतात आणि चरबीत, स्नायूंत, खुद्द स्तनातही अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते त्याचं इस्ट्रोजेन करतं. रक्तात ते इवलंसं असतं, पण आठपैकी आठ असलेल्या गाठीला तेवढंही पुरतं. लेट्रोझोल या अरोमाटेजलाच बंद पाडतं, म्हणजे कंडक्टर डेपोतूनच निघत नाही. टॅमॉक्सिफेनची रीत वेगळी, ते येऊन कंडक्टरच्या जागेवर स्वतः बसतं आणि बेल मात्र देत नाही. इस्ट्रोजेन आलं तरी त्याला बसायला जागाच नाही. जावेच्या शरीरात भरपूर इस्ट्रोजेन आहे म्हणून तिला जागा अडवणारी गोळी, आणि तुमच्या शरीरात ते एकाच वाटेने बनतं म्हणून तुम्हाला ती वाट बंद करणारी गोळी. पाळी गेलेल्या बायकांमध्ये लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या आजार परत येऊ न देण्यात टॅमॉक्सिफेनपेक्षा थोड्या सरस ठरल्यात, डॉक्टरांनी तुम्हाला ती दिली ती म्हणूनच.

तुमची गोळी जावेने घेतली तर उलटच होईल, कारण बीजकोषं चालू असताना एकटं लेट्रोझोल त्यांना आणखी चेतवतं, मूल होण्याच्या उपचारात लेट्रोझोल देतात ते याच गुणामुळे. केमोने तिची पाळी थांबली असेल तरी ती गेली असं धरू नका, परत येऊ शकते. तिला एवढं मात्र सांगा की टॅमॉक्सिफेन सगळीकडे सारखं वागत नाही. स्तनात ते बेल देत नाही, पण गर्भपिशवीत थोडी देतं, म्हणून अवेळी किंवा जास्त अंगावरून गेलं, किंवा पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. एक पाय सुजून दुखायला लागला, अचानक धाप लागली तर तेही लगेच दाखवायचं, कारण रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. गर्भ राहू नये म्हणून गोळ्या नकोत, कॉपर-टी किंवा निरोध चालेल. आणि उदासपणासाठी किंवा अंगाच्या वाफांसाठी कोणी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन लिहून दिलं तर आधी टॅमॉक्सिफेन चालू आहे हे सांगायचं, कारण लिव्हरमध्ये टॅमॉक्सिफेनचं जे खरं असरदार रूप तयार होतं ते या गोळ्यांमुळे कमी होतं.

शेजारच्या बाईंचं म्हणणं निम्मं खरं आहे, म्हणून ते जास्त घातक. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध एकत्र देतात, त्यावरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ साली मधेच थांबवावा लागला, कारण त्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त दिसायला लागला. पण त्या हार्मोन देणाऱ्या गोळ्या होत्या. तुमची हार्मोन अडवणारी आहे. डॉक्टरसुद्धा बोलताना तिला 'हार्मोन थेरपी' म्हणतात आणि सगळा घोळ त्या नावाने होतो. मी तर म्हणते हे नाव बदलायलाच हवं, फाईलवर सरळ 'हार्मोनविरोधी गोळी' लिहावं, निम्म्या बायकांची भीती तिथेच जाईल.

हे सगळं काही काल-परवाचं नाही. ग्लासगोमधल्या बीटसन नावाच्या सर्जनने १८९६ साली लिहून ठेवलं की बीजकोषं काढल्यावर काही बायकांची स्तनातली वाढलेली गाठ विरघळायला लागली. तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा नव्हता, तो १९०५ चा. पुढची पन्नास-साठ वर्षं डॉक्टर बीजकोषं काढत होते, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीसुद्धा काढत होते, आणि फायदा साधारण तीनातल्या एकीला व्हायचा, बाकीच्यांचं मोठं ऑपरेशन फुकट, आणि कोणाला होईल हे आधी सांगताच यायचं नाही. त्या बायकांचा विचार केला की मला अजून कसंतरी होतं. मग शिकागोमध्ये एलवूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावली आणि ते शरीरात कुठे जाऊन थांबतं ते बघितलं, त्यातून रिसेप्टर सापडला, आणि पुढे त्यांनी दाखवून दिलं की ज्या गाठीत रिसेप्टर नाही तिथे बीजकोषं काढून काही होत नाही. तुमच्या रिपोर्टवरची ती एक ओळ तिथून आलीय. टॅमॉक्सिफेनची गोष्ट तर आणखी वेगळी. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते १९६२ साली बनवलं, हेतू होता गर्भनिरोधक गोळीचा. उंदरांत ते जमलं, बायकांत मात्र उलट बीज सुटायला मदत व्हायला लागली, म्हणजे गर्भनिरोधक म्हणून फुकट. मँचेस्टरमधल्या डॉक्टरांनी ते स्तनाच्या कॅन्सरवर वापरून बघितलं, १९७१ मध्ये त्याचा पहिला निकाल छापून आला, आणि त्यानंतर या गोळीने किती बायका वाचवल्या त्याची मोजदाद अवघड आहे. रिसेप्टर असलेल्या गाठीत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, आणि हा फायदा गोळी बंद झाल्यावरही पंधरा वर्षांपर्यंत दिसत राहतो.

पाच वर्षं एवढ्यासाठी की रिसेप्टरवाली गाठ संथ असते पण चिवट असते. रिसेप्टर नसलेली गाठ परत यायची असेल तर बहुतेक पहिल्या काही वर्षांतच येते, ही दहा-पंधरा वर्षं गप्प बसून मग हाडात डोकं वर काढू शकते. म्हणजे बरं वाटतंय म्हणून सोडायची ही गोळी नाही. तुम्हाला आत्ता बरं वाटतंय ते ऑपरेशन-केमोमुळे, गोळी पुढच्यासाठी आहे.

आता सांधे. तुमचं दुखणं मनाचं नाही, नुसतं वयाचंही नाही, बहुतेक गोळीचंच आहे आणि ते शंभरातल्या दोघी-चौघींना होणारं दुर्मिळ दुखणंही नाही, खूप जणींना होतं. इस्ट्रोजेनचे रिसेप्टर हाडांत आहेत, सांध्यांत आहेत, मेंदूत आहेत, योनीच्या अस्तरात आहेत. गाठीचा कंडक्टर बंद केला की या सगळ्यांचाही बंद होतो. म्हणून सकाळी बोटं आखडतात, काहींच्या हाताला मुंग्या येतात, एखादं बोट वाकलं की खटकन अडकतं.

डॉक्टरांना या गोष्टी विचारा. व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड तपासलंय का. हाडांची डेक्सा तपासणी झालीय का, नसेल झाली तर ती आधी, कारण लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात आणि दोन वर्षांत एकदा तरी ती बघायलाच हवी, गरज असेल तर झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात. मग गोळी बदलण्याचं विचारा. याच जातीच्या आणखी दोन आहेत, ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन, आणि अनुभव असा की एक सोसत नाही तिला दुसरी बऱ्याचदा सोसते. डॉक्टर स्वतःच दोन-चार आठवडे विश्रांती देऊन मग नवी सुरू करतात, म्हणजे तुम्ही जे चोरून केलंत ते उघडपणे, तारीख ठरवून करता आलं असतं. दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन नावाची गोळी काहींना लागू पडते. यातलं काहीच जमलं नाही तर शेवटी टॅमॉक्सिफेन आहेच, ५८ व्या वर्षीही देतात, फक्त ते डॉक्टरांनी तुमची गर्भपिशवी आणि गुठळ्यांचा इतिहास बघून ठरवायचं, जावेच्या डब्यातून काढून नाही.

आणि चालणं. गुडघे दुखतात तर चालू कशी असं म्हणाल, पण याच गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या बायकांवर अमेरिकेत अभ्यास झालाय, आठवड्याला अडीच तास भराभर चालणं आणि दोनदा वजनाचे व्यायाम असं वर्षभर केलं तर दुखणं साधारण ३० टक्क्यांनी कमी झालं. पहिले तीन आठवडे जड जातात. जिमची गरज नाही, पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊनही सुरुवात होते. सकाळी उठल्या-उठल्या कोमट पाण्यात पाच मिनिटं बोटं उघड-मीट करा आणि मगच पिठाला हात लावा. भाकरी काही दिवस ओट्यावर उभं राहून थापा, किंवा सरळ दुसऱ्या कोणाला थापू दे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, कोणीच लिहीत नाही, पण विचारते. योनीत कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीची जळजळ होत असेल तर तेही याच गोळीचं आहे आणि त्यावर हार्मोन नसलेली जेल आणि मॉइश्चरायझर मिळतात. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र लेट्रोझोल चालू असताना मेडिकलमधून स्वतःहून आणू नका, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलायचं.

शतावरीचं नणंदेला प्रेमानेच सांगा की आत्ता नको. काही वनस्पतींमध्ये इस्ट्रोजेनसारखे दिसणारे पदार्थ असतात, ते त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतात, आणि एकीकडे गोळी घेऊन इस्ट्रोजेन बंद करायचं आणि दुसरीकडे चमच्याने असं काही घ्यायचं याला अर्थ नाही. जेवणातलं सोयाबीन, जवसाची चटणी, याला बंदी नाही, बिनधास्त खा. मी बोलतेय ती डबाबंद चूर्णं, कल्प, सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल यांच्याबद्दल.

मुलीचं सांगते. जावेचा आजार तिच्या हिशोबात धरायचाच नाही, जाऊ लग्नाने घरात आली, तिचं आणि मुलीचं रक्ताचं नातं नाही. ईआर पॉझिटिव्ह असणं हे काही आईकडून मुलीकडे जात नाही, जातात ती बीआरसीए वन, बीआरसीए टू अशी बिघडलेली जनुकं, आणि तीही थोड्याच घरांत असतात. तुमच्या माहेरी आई, मावशी, बहीण, आजी यांच्यात कोणाला स्तनाचा किंवा बीजकोषाचा कॅन्सर झालाय का, विशेषतः पन्नाशीच्या आत, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा झालाय का, हे एका कागदावर वयांसकट लिहा. मुलीच्या वडिलांकडचंही लिहा, तिकडूनही जनुक येतं, हे लोक विसरतात. तो कागद बघून डॉक्टर सांगतील तुमची जनुक तपासणी करायची का. ती आधी तुमची करतात, मुलीची नंतर.

अजून एक, हे इतर वाचणाऱ्यांसाठीही. गाठीचा मेणाचा ठोकळा, आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो, तो आणि काचा कुठे ठेवल्यात ते माहीत करून घ्या. गाठ काढल्यावर ती ताबडतोब पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, पडली नाही तर रिसेप्टर नासतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. माझ्याकडे एकदा घरच्यांनी सलाइनच्या बाटलीत घालून दोन दिवसांनी गाठ आणली होती, गावाकडच्या एका छोट्या दवाखान्यातून, आणि त्या बाईचा ईआर शून्य आला. सुदैवाने आधीच्या बायॉप्सीचा ब्लॉक शिल्लक होता, त्यावर परत रंग टाकला तर सात. त्या ब्लॉकशिवाय तिला ही गोळी कधीच मिळाली नसती. ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि गाठ कशी पाठवली त्याबद्दल शंका आहे, त्यांनी ब्लॉक मोठ्या सेंटरला, टाटासारख्या ठिकाणी, परत तपासायला द्यावा.

घरी कोणाला तरी सांगा, ताई. जावेलाच सांगा, तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार नाही. फोन उद्या करा, आणि डेक्साचा रिपोर्ट आला की त्यातला टी-स्कोअर, म्हणजे हाडं किती घट्ट आहेत त्याचा आकडा, मला लिहून पाठवा, सोबत डॉक्टरांनी कोणती गोळी ठरवली तेही.